अन्नाच्या धंद्यातील संशोधन : आपली मुले कोठे आहेत?

सकाळी सहा वाजता उपनगरातील कोणत्याही स्टेशनाबाहेर उभे राहा. अंधेरी असो, बोरिवली असो, मुलुंड असो की घाटकोपर. सायकलींवरून पावाच्या लाद्या निघालेल्या असतात, टेम्पोतून कोंबड्यांचे पिंजरे उतरत असतात, बर्फातली मासळी रिक्षात चढत असते आणि बागवान मंडळी हातगाडीवर केळी-पपई रचत असतात. या सर्व धंद्यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. मुंबईकराच्या ताटातील कितीतरी वस्तू आपल्या हातांतून जातात. मात्र या वस्तू कशा तयार व्हाव्यात, किती आकाराच्या असाव्यात, कोणत्या इंधनावर भाजाव्यात, याचे नियम जेथे ठरतात तेथे आपली माणसे क्वचितच दिसतात.

याचे एक कारण आम्हांला असे वाटते की, शिष्यवृत्ती आणि फेलोशिप हा विषय आपण केवळ शाळा-कॉलेजाचा समजतो. धंद्याच्या पानावर तो कशाला, असे काही वाचकांनाही वाटेल. पण गेल्या दहा वर्षांत आपल्या धंद्यांवर जे जे नियम आले, त्यांचा माग काढला तर प्रत्येक वेळी एकच गोष्ट आढळते. आधी कोणीतरी मोजमाप केले, मग नियम आला, आणि सर्वांत शेवटी तो धंदेवाल्याला कळला.

आधी मोजमाप, मग नियम

पहिले उदाहरण पावाचेच घेऊ. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने मे २०१६ मध्ये दिल्लीच्या बाजारातील पाव, बन, पिझ्झा इत्यादींचे ३८ नमुने तपासून अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट यांचे अंश सापडले. पीठ चांगले फुगावे आणि पाव मऊ निघावा म्हणून वापरली जाणारी ही रसायने. महिन्याभरातच, जून २०१६ मध्ये, अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पोटॅशियम ब्रोमेटच्या वापरावर बंदी घातली. बंदी योग्यच होती, ग्राहकाच्या तबियतीशी खेळ करून मिळवलेल्या पैशात बरकत नसते. पण अनेक बेकरीवाल्यांना आपण पिठात जी तयार पूड मिसळतो तिच्यात ब्रोमेट आहे की नाही, हेच ठाऊक नव्हते.

दुसरे उदाहरण मासळीचे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. रुपेरी पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेट हा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. मादी किती लांबीची झाल्यावर प्रथम अंडी धरते, हे पाहून हा आकार ठरतो. त्याहून लहान मासा पकडला म्हणजे पुढची पिढीच मारली, असा त्याचा अर्थ. बंदरावर जाऊन, मासे हातात घेऊन, पट्टीने मोजून ही माहिती जमा होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसे हे काम वर्षानुवर्षे करीत आहेत.

तिसरे उदाहरण ताजे आहे आणि पुष्कळ घरांची झोप उडवणारे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणासंबंधी स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत ९ जानेवारी २०२५ रोजी आदेश दिला की, लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्या आणि तत्सम व्यावसायिकांनी सहा महिन्यांत गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनाकडे वळावे. महापालिकेच्या नोटिसांप्रमाणे ही मुदत ८ जुलै २०२५ रोजी संपली. याच सुमारास बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने शहरातील दोनशेहून अधिक बेकऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यांतील जवळपास निम्म्या लाकडावर चालत असल्याचे तिच्यात आढळले.

या तिन्ही बाबतींत मोजणारे कोणी शत्रू नव्हते. धूर खरोखरच वाईट आहे, आणि भट्टीसमोर रात्रभर उभा राहणारा कारागीरच तो सर्वांत जास्त गिळतो. आमचे म्हणणे एवढेच की, मोजणाऱ्यांमध्ये धंद्याच्या आतली माहिती असणारा कोणी असता, तर नियमाबरोबर त्याचा मार्गही निघाला असता.

भट्टीचा हिशोब कोण मांडणार?

मुंबईचा पाव गोव्याच्या पाववाल्यांनी, इराण्यांनी आणि नंतर उत्तर प्रदेशातून आलेल्या मुस्लीम कारागिरांनी घडवला. विटांची भट्टी एकदा तापली की भिंतीत उष्णता साठून राहते. त्या उतरत्या उष्णतेवर कारागीर क्रम लावतो. कडक पाव केव्हा, लादी केव्हा, नानकटाई आणि खारी केव्हा, हे त्याला भट्टीच्या तोंडाशी हात नेऊन कळते. ही विद्या कोठेही लिहिलेली नाही. आता गॅसची किंवा विजेची भट्टी आणायची तर ही विद्या आकड्यांत मांडावी लागेल. ते न करता केवळ दलालाच्या सांगण्यावरून यंत्र घेतले, तर पैसाही जातो आणि पावही बिघडतो.

साधा हिशोब पाहा. एक किलो सुक्या लाकडात सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता असते. एक किलो एलपीजीत सुमारे ११,००० असते. विजेच्या एका युनिटात ८६०. म्हणजे व्यापारी वापराच्या १९ किलोच्या एका सिलिंडरमध्ये साधारण २ लाख ९ हजार किलोकॅलरी झाल्या, आणि तेवढी उष्णता सुमारे ६० किलो लाकडात असते. आता कोणी म्हणेल, रोज १२० किलो लाकूड जळते, तर रोज दोन सिलिंडर लागतील, धंदा बसला! पण हा हिशोब अर्धवट आहे. लाकडातली बरीच उष्णता धुराड्यातून निघून जाते, काही ओल सुकवण्यात जाते, काही भिंती तापवण्यात जाते. बंद दाराच्या चांगल्या भट्टीत ही गळती कमी असते. तेव्हा दोन सिलिंडर लागतील की एकच पुरेल, हे त्या बेकरीत बसून मोजल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. उलट बाजूही पाहावी लागेल. जुन्या फर्निचरचे भंगार लाकूड स्वस्त पडते, म्हणून लाकडाचा खर्च कमी दिसतो. पण राख काढणे, लाकूड फोडणे, साठवायला जागा आणि कारागिराच्या छातीचा दवाखाना हा खर्च वहीत कोणीच लिहीत नाही.

आता कल्पना करा की, एक विज्ञान पदवीधर मुलगा किंवा मुलगी दोन महिने एका बेकरीत बसली. रोज किती मैद्याच्या गोणी फुटल्या, किती लाकूड वजन करून आत गेले, भट्टीचे तापमान दर अर्ध्या तासाने किती होते, किती लाद्या निघाल्या, किती परत आल्या, एवढे पाच आकडे रोज लिहिले. साठ दिवसांनी त्या बेकरीवाल्याच्या हातात जे कागद असतील, त्यांच्या जोरावर तो यंत्रवाल्याशी, बँकेशी, गॅस कंपनीशी आणि महापालिकेच्या अधिकाऱ्याशी बरोबरीने बोलू शकेल. पाच बेकऱ्यांचे असे आकडे जमले तर बेकरीवाल्यांच्या संघटनेला वकिलापेक्षा मोठा आधार मिळेल.

हेच प्रत्यक्ष हाताने केलेले संशोधन होय. आणि अशा संशोधनासाठी विद्यार्थ्याला दरमहा काही रक्कम मिळते, तिलाच फेलोशिप म्हणतात. शिष्यवृत्ती फी भरण्यासाठी असते. फेलोशिप ही कामाची मजुरी असते. हा फरक आपल्या मुलांना सांगितला पाहिजे, कारण कित्येक पालक 'आणखी शिकवायला आमच्याकडे पैसा नाही' म्हणून पदवीनंतर मुलाला गल्ल्यावर बसवतात. पुढचे शिक्षण पैसा मिळवून देऊ शकते, हे त्यांना माहीतच नसते.

वर्सोव्याचे विद्यापीठ

अंधेरीच्या पश्चिमेला, यारी रोडच्या बाजूला, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. मासळीच्या विषयातील हे अभिमत विद्यापीठ. ६ जून १९६१ रोजी संस्था स्थापन झाली, १९७९ मध्ये ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देशभरातले विद्यार्थी येथे एम.एफ.एस्सी. आणि पीएच.डी. करण्यासाठी येतात. मत्स्यपालन, माशांचे खाद्य, रोग, अनुवंशशास्त्र, पकडल्यानंतरची साठवण व प्रक्रिया, मासळीचे अर्थशास्त्र असे विभाग येथे आहेत. वर्सोव्याच्या जुन्या आवारात सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मुंबई केंद्रही आहे.

आमच्या परिचयाच्या एका मासळी व्यापाऱ्याचा मुलगा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला. तीन वर्षे तो याच रस्त्याने कॉलेजला जात होता. फाटकावरची पाटी त्याने रोज वाचली, आत काय चालते हे एकदाही विचारले नाही. वडिलांनीही नाही. आज तो एका मोबाइलच्या दुकानात नोकरी करतो. नोकरी हलालची आहे, त्यात कमीपणा नाही. पण ज्या घरात तीन पिढ्या मासळीची पारख आहे त्या घरचा मुलगा मासळीच्या विद्यापीठाच्या दारावरून निघून गेला, याची आम्हांला हळहळ वाटते.

या विद्यापीठात काय होते याचे एकच उदाहरण देतो. हरियाणात रोहतकजवळ संस्थेचे केंद्र आहे. त्या भागात जमिनीखालचे पाणी खारे झाल्याने शेती बुडाली होती. समुद्र शेकडो मैल दूर, पण पाणी खारे! संशोधकांनी पाहिले की, या पाण्यात मीठ भरपूर असले तरी समुद्राच्या मानाने पोटॅशियम फार कमी आहे, म्हणून कोळंबी तग धरत नाही. पाण्यात पोटॅश घालून ती उणीव भरून काढली तेव्हा नापीक शेतातल्या तळ्यांत कोळंबी वाढू लागली. मरत चाललेल्या जमिनीवर एक नवा धंदा उभा राहिला. कोकणातील खाजण जमिनी ज्यांच्या मालकीच्या आहेत, त्यांनी याचा विचार करावा.

येथे पोहोचण्याचा मार्ग असा. बारावी विज्ञान शाखेतून जीवशास्त्रासह उत्तीर्ण व्हावे. त्यानंतर चार वर्षांची बी.एफ.एस्सी. पदवी. आपल्या राज्यात तिची महाविद्यालये रत्नागिरीजवळ शिरगाव, नागपूर आणि उदगीर येथे आहेत. शिरगावचे महाविद्यालय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आहे. उपनगरात राहणाऱ्या किती कोकणी मुस्लीम घरांचे गाव तेथून एस.टी.च्या अंतरावर आहे! पदवीच्या शेवटच्या वर्षात 'स्टुडंट रेडी' या २०१५ मध्ये सुरू झालेल्या योजनेखाली विद्यार्थ्याला सहा महिने प्रत्यक्ष गावात, तळ्यावर, कारखान्यात काम करावे लागते आणि त्यासाठी दरमहा ३,००० रुपये ठेवलेले आहेत. पुढे कृषी परिषदेची अखिल भारतीय प्रवेश परीक्षा असते. ती २०१९ पासून राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते. तीत वरचा क्रमांक आल्यास पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात दरमहा १२,६४० रुपये आणि वर्षाला ६,००० रुपये किरकोळ खर्चासाठी, असा दर परिषदेच्या प्रवेश-पुस्तिकांत दिलेला आढळतो. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाची पुस्तिका पाहून खात्री करून घ्यावी. शिवाय विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह आहे, तेव्हा मुलींनाही अडचण नाही.

पवई आणि परळ

ज्यांची मुले अभियांत्रिकीकडे गेली आहेत त्यांच्यासाठी पवई जवळ आहे. घाटकोपर, मुलुंड आणि अंधेरी यांच्या मधोमध आय.आय.टी. आहे, आणि तिच्यात 'सितारा' या नावाने ओळखले जाणारे, ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारे केंद्र १९८५ पासून चालू आहे. २००७ पासून तेथे तंत्रज्ञान व विकास या विषयात एम.टेक. करता येते. या अभ्यासक्रमाचे वैशिष्ट्य असे की, विद्यार्थ्याला काही आठवडे गावात राहून तेथल्या प्रश्नाचा अभ्यास करावा लागतो. चुली, पाणी, शेतमाल वाळवणे हे तेथले विषय. 'गेट' परीक्षेवर एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये मिळतात. चुलीवर एम.टेक. होते, तर पावाच्या भट्टीवर का होऊ नये? भट्टी गावात नाही, कुर्ल्यात आणि जोगेश्वरीत आहे, एवढाच फरक.

मांस, कोंबडी आणि तबेल्याच्या धंद्यातील बांधवांसाठी परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयाचे गोरेगावच्या आरे वसाहतीतही आवार आहे. पशुवैद्यक पदवी साडेपाच वर्षांची, प्रवेश 'नीट'च्या गुणांवर. जनावरांवरचे उपचार तर येथे शिकवतातच, शिवाय मांस-तपासणी आणि पशुजन्य पदार्थांचे तंत्रही शिकवतात. देवनारचा कत्तलखाना १९७१ पासून चालू आहे. तेथे ज्यांचे आयुष्य गेले त्यांना ठाऊक आहे की, मांसाइतकेच चामडे, हाडे, चरबी, आतडी आणि शेणालाही मोल आहे. त्यांतले किती कामी येते आणि किती गटारात जाते, हा संशोधनाचा मोठा विषय आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला 'निसर्गऋण' हा बायोगॅस प्रकल्प स्वयंपाकघरातला ओला कचरा तसेच कत्तलखान्यातला कचरा पचवून गॅस व खत देतो. उरलेल्या अन्नाची नासाडी म्हणजे इस्राफ, हे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. त्याच इस्राफवर शास्त्रीय उपाय शोधणे हेही सवाबाचेच काम होय.

पदवी चालू असताना ज्यांना संशोधनाची चव घ्यायची असेल त्यांच्यासाठी देशातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीमार्फत तिचे अर्ज निघतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला उन्हाळ्याच्या सुटीत दोन महिने एखाद्या नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येते आणि मानधन मिळते.

मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली, पुढे काय?

येथे एका दुःखद गोष्टीचा उल्लेख करावाच लागेल. सच्चर समितीच्या अहवालानंतर, २००९ पासून, अल्पसंख्याक समाजातील एम.फिल. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप चालू होती. पाच वर्षेपर्यंत दरमहा रक्कम मिळत असे. कित्येक घरांतला पहिला डॉक्टरेट या फेलोशिपवर झाला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की, २०२२-२३ पासून ही योजना बंद करण्यात येत आहे. इतर योजनांत अल्पसंख्याक विद्यार्थ्यांचा समावेश होतच असल्याने ती दुबार होते, असे कारण देण्यात आले. हे कारण आम्हांला पटलेले नाही. विद्यार्थी, अध्यापक आणि खासदारांनीही तेव्हा आवाज उठवला होता.

पण निषेध करून झाल्यावर अर्जही भरले पाहिजेत. कोणते दरवाजे उघडे आहेत ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाची 'नेट' आणि विज्ञान शाखांसाठी सी.एस.आय.आर.ची परीक्षा, या दोन्हींत कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळते. जानेवारी २०२३ पासून तिचा दर दरमहा ३७,००० रुपये झाला आहे. या परीक्षांत धर्म विचारला जात नाही, गुण विचारले जातात.

दुसरा दरवाजा पुष्कळांना ठाऊक नाही. बागवान, मोमीन, खाटीक-कुरेशी, पिंजारी, अत्तार, तांबोळी, मण्यार अशा कितीतरी मुस्लीम बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागासवर्गात मोडतात. म्हणजे नेमक्या अन्नाच्या आणि कारागिरीच्या धंद्यातल्याच बिरादऱ्या. इतर मागासवर्गासाठी राज्य शासनाची 'महाज्योती' ही नागपूरची संस्था पीएच.डी.साठी फेलोशिप देते. जातीचा दाखला, जात-पडताळणी आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र एवढे कागद तयार असतील तर आपला विद्यार्थीही अर्ज करू शकतो. हे कागद ऐनवेळी होत नाहीत. मुलगा दहावीत असतानाच त्यांची तजवीज करावी. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला गावी पडून असतो, तो या सुटीत शोधून आणावा.

तिसरे म्हणजे, ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'बार्टी', 'सारथी' यांच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संशोधन व प्रशिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगर येथे स्थापन करण्यास मंजुरी दिली. कागदावरची संस्था प्रत्यक्षात विद्यार्थ्यांना फेलोशिप देऊ लागावी, यासाठी आपल्या आमदारांकडे आणि संघटनांकडे पाठपुरावा करणे आपल्या हाती आहे. त्या मागणीत अन्न, मत्स्य आणि पशुधन हे विषय नावाने घालावेत, अशी आमची सूचना आहे.

व्यापाऱ्यांनी स्वतः का देऊ नये?

सरकारकडे मागावे हे खरे, पण आपल्या समाजात देण्याची परंपराही आहे. जहाजांच्या धंद्यातले सर महंमद यूसुफ यांनी १९१० मध्ये न्हावा येथे खलाशी घडवण्यासाठी शाळा काढली. मुलांनी पुस्तकाबरोबर प्रत्यक्ष दोर हाताळावा, शिडे ओळखावीत, ही तिच्यामागची कल्पना. त्यांच्याच आठ लाख रुपयांच्या देणगीतून जोगेश्वरीच्या टेकडीवर १९३० मध्ये इस्माईल यूसुफ कॉलेज सुरू झाले. उपनगरातले ते पहिले कॉलेज. आपल्या धंद्यातला पैसा आपल्या धंद्याला लागणाऱ्या शिक्षणात घालणारा तो व्यापारी होता.

आज इतकी मोठी देणगी कोणी द्यावी असे आम्ही म्हणत नाही. लहान हिशोब मांडतो. समजा, एका विभागातल्या दहा बेकरीवाल्यांनी दरमहा प्रत्येकी १,५०० रुपये सहा महिने काढले. महिन्याला १५,००० रुपये झाले, सहा महिन्यांत ९०,०००. यातून एका विद्यार्थ्याला दरमहा १२,००० रुपये देता येतील आणि उरलेल्या ३,००० रुपयांत वजनकाटा, तापमापक, प्रवास आणि नमुना-तपासणी भागेल. प्रत्येकाच्या वाट्याला सहा महिन्यांत ९,००० रुपये आले. नव्या भट्टीची किंमत याच्या कितीतरी पट असते. ती डोळे मिटून घेण्यापेक्षा आधी नऊ हजार खर्चून डोळे उघडलेले बरे. ही रक्कम धंद्याचा खर्च म्हणूनच धरावी. गरजू विद्यार्थ्याला जकातीतून मदत करायची असल्यास, त्याचा मसला आपापल्या उलेमांना विचारून घ्यावा.

अशी वृत्ती देताना काही गोष्टी आधी ठरवाव्यात. विद्यार्थी कोणत्या तरी मान्यताप्राप्त कॉलेजाचा असावा आणि त्याला एका प्राध्यापकाचे मार्गदर्शन असावे, म्हणजे आकड्यांना किंमत येते. दुकानाचे नाव आणि गल्ल्याचा हिशोब बाहेर जाणार नाही, हे लिहून घ्यावे. मात्र निष्कर्ष आपल्याला गैरसोयीचा निघाला तरी तो दाबायचा नाही, हेही मालकाने लिहून द्यावे. आपल्याला हवे तेच लिहून घेतलेला अहवाल कोणत्याही कोर्टात टिकत नाही, आणि अल्लाहसमोर तर नाहीच. शेवटची अट अशी की, अहवाल मराठी, हिंदी किंवा उर्दूत कारागिरांना वाचून दाखवावा. ज्याच्या हातातली विद्या कागदावर आली, त्याला ती कळली पाहिजे.

विषयांची वाण नाही

विषय शोधायला लांब जायला नको. अंधेरीत मासळीच्या पाटीत किती बर्फ घातला म्हणजे संध्याकाळपर्यंत माल किती किलो शाबूत राहतो? वाळूवर सुकवलेला बोंबील आणि उंच बांधलेल्या दोरीवर सुकवलेला बोंबील यांच्या टिकण्यात आणि भावात किती फरक पडतो? बोरिवलीत कोंबडीच्या दुकानातली पिसे आणि आतडी रोज कोठे जातात, आणि दहा दुकानांनी मिळून काही केले तर त्यांचे काय होऊ शकते? घाटकोपरच्या हातगाडीवर रात्री दहाला उरलेल्या केळ्यांचे काय? मुलुंडच्या हॉटेलात दुपारी किती भात शिजतो आणि किती टाकून दिला जातो? या प्रत्येक प्रश्नावर एक प्रबंध होईल, आणि प्रत्येक उत्तरात कोणाचे तरी पैसे वाचतील.

एक गोष्ट पालकांसाठी. संशोधनाकडे गेलेला मुलगा धंद्यातून गेला, असे समजू नका. वडिलांना माल पाहून कळते की हा आज टिकेल, उद्या नाही. मुलाला ते का, हे कळले तर दोघांचे मिळून ज्ञान दुप्पट होते. आणि मुलींनाही मागे ठेवू नका. बारावीला विज्ञान घेऊन चांगले गुण मिळवणाऱ्या आपल्या मुलींची संख्या प्रत्येक मोहल्ल्यात डोळ्यांना दिसते. त्यांच्यासाठी प्रयोगशाळा, वसतिगृह आणि दरमहा मानधन असलेला हा मार्ग इज्जतीचा आणि सुरक्षित आहे.

यंदा सुटीत एवढे एकच काम करावे. आपल्या मुलाला किंवा मुलीला घेऊन वर्सोव्याच्या किंवा पवईच्या फाटकाशी जावे, परवानगी काढून आत जावे आणि तेथल्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारावे, 'तू काय मोजतोस?' उत्तर ऐकल्यावर आपल्या धंद्यात काय काय मोजायचे राहिले आहे, हे आपोआप सुचेल. नियम पुढेही येतच राहतील. पुढच्या नियमाच्या वेळी टेबलाच्या पलीकडे आपल्या भट्टीची आणि आपल्या बाजाराची माहिती असणारा एखादा संशोधक बसलेला असावा, आणि तो आपल्याच घरचा असावा, एवढी आमची इच्छा आहे. इन्शाअल्लाह, ते अवघड नाही.